चार बोटं सरकलेलं कासव

एका जंगलात एक टीव्ही होता. सगळ्या जंगलात मिळून एकच. तो वडाच्या ढोलीत ठेवलेला असायचा. वीज कुठून यायची असं विचारू नका. काजव्यांचं काहीतरी होतं. लहान मुलांनी विजेच्या भानगडीत पडू नये.

टीव्ही म्हटला की अँटेना आली. ही अँटेना साळिंदराचे झडलेले काटे वेलीनं बांधून केली होती. ती वडाच्या शेंड्यावर होती. आणि ती धरायला एक टिटवी होती. तिचं नाव कुंदा.

टिटवीच का? तर त्याचं असं आहे. टिटव्यांच्या घराण्यात एक जुनी रीत आहे. त्या उताण्या झोपतात आणि पाय आभाळाकडे करतात. आभाळ पडलं तर कुणीतरी धरायला नको का? कुंदाची आई अशीच झोपायची. आईची आईही अशीच झोपायची. आजवर आभाळ एकदाही पडलेलं नाही. टिटव्या म्हणतात, बघा, आहोत म्हणून.

तेव्हा सिंहमहाराजांनी विचार केला, जी आभाळ धरते तिला अँटेना कसली जड? पाय तर नाहीतरी वरच असतात.

झालं. रोज दिवेलागणीला कुंदा शेंड्यावरच्या एका जुन्या घरट्यात उताणी पडायची. दोन्ही पायांत अँटेना धरायची. खाली सगळं जंगल टीव्हीसमोर बसायचं.

"आलं का?" कुंदा वरून विचारायची.

"मुंग्या आहेत नुसत्या!" खालून सगळे ओरडायचे.

"आता?"

"महाराजांना तीन डोकी दिसताहेत!"

"आता?"

"आता एकही नाही! अगं, जास्त फिरवलंस!"

अशी ती गंमत. पण खरी गंमत पुढेच आहे. कुंदा भारी दचकायची. पान पडलं की दचकायची. कुणी शिंकलं की दचकायची. दचकली की "टिट्टिट्टीव! टिट्टिट्टीव!" असं ओरडायची, आणि एवढ्या जोरात कोण ओरडलं म्हणून पुन्हा दचकायची.

एकदा काय झालं, चित्र काही केल्या येईना. इकडे फिरव, तिकडे फिरव, मुंग्या हटेनात. तेवढ्यात एक फांदी मोडली. काड्! कुंदा वीतभर उडाली. पायातली अँटेना गर्रकन फिरली. आणि चित्र असं स्वच्छ आलं, असं स्वच्छ आलं, की महाराजांच्या मिशीतला एक पांढरा केसही दिसला.

"आलं! आलं! हलू नको!"

त्या दिवसापासून जंगलात एक नवं पद निघालं. राजदचकवे. त्यावर हुप्प्या वानराची नेमणूक झाली. चित्र बिघडलं की हुप्प्यानं दबक्या पावलांनी झाडावर चढायचं, कुंदाच्या कानाशी तोंड न्यायचं आणि म्हणायचं, "हुप्प!"

कुंदाला माहीत असायचं की हुप्प्या येणार. रोजच येतो. आता खालच्या फांदीवर असेल. आता मधल्या. आता अगदी मागेच. आणि तरी ती दचकायची. भीतीचं असंच असतं. आधीपासून माहीत असली म्हणून काही कमी होत नाही.

अशी बारा वर्षं गेली. या बारा वर्षांत कुंदानं टीव्हीवर एकही कार्यक्रम पाहिला नाही. ती वर आभाळ बघत असायची ना! तिला टीव्हीतल्या दोनच गोष्टी माहीत होत्या. "आलं" आणि "गेलं".

पण तिची तक्रार नव्हती. कारण या कामाबद्दल महाराजांनी तिला वडासमोरची मोकळी जागा दिली होती. छोटीशीच. पांढऱ्या दगडांचं गोल कुंपण, आत खडे. टिटवी झाडावर अंडी घालत नाही, जमिनीवर घालते. खड्यांसारखीच दिसणारी अंडी, खड्यांतच. त्यामुळे टिटवीला जन्मभर एकच घोर. कुणाचा तरी पाय पडेल. कुंदाच्या कुंपणापाशी मात्र पाटी होती: "राजाज्ञा. येथे पाय ठेवू नये." हत्तीसुद्धा वळसा घालून जायचा. त्या गोलात कुंदाची बारा वर्षांची सगळी पिल्लं मोठी झाली होती.

यंदाही तिथे चार अंडी होती. अकरा दिवसांनी पिल्लं बाहेर यायची होती.

आणि नेमका तेव्हाच जंगलात खंड्या आला.

खंड्या पलीकडच्या नदीवरचा. निळा कोट, लांब चोच, आणि चोचीत एक काळा डबा. डबा ठेवल्याशिवाय त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून तो आधी सगळ्यांकडे नुसता बघत राहिला. त्यामुळे तो फार हुशार वाटला.

"मंडळी," डबा ठेवून तो म्हणाला, "तुमचं हे जे आहे ना, काटे, वेली, टिटवी, याला ॲनालॉग म्हणतात. हे आता सगळीकडे बंद. आता डिजिटल."

"म्हणजे काय हो, साहेब?" एका भेकरानं विचारलं.

"सोपं आहे. ॲनालॉगमध्ये चित्र थोडं येतं, थोडं जातं. डिजिटलमध्ये थोडं नाही. आलं तर सगळं. नाहीतर मुळीच नाही."

"वा!" सगळे म्हणाले. मुळीच नाही याचा अर्थ त्या वेळी कुणाच्या लक्षात आला नाही.

"आणि हे फुकट?"

"अगदी फुकट. आभाळातून पडतं. तुम्ही फक्त खाली छत्री धरायची."

आभाळातून पडतं, हे ऐकताच कुंदा धाडकन उताणी झाली आणि तिनं पाय वर केले. तिला पाणी मारून सावध करावं लागलं.

महाराजांचे प्रधान होते सरडोजी. सरड्याची मान सारखी वर-खाली होत असते. त्यामुळे सरडोजींना काहीही विचारलं तरी उत्तर "हो" असंच दिसायचं. अशानंच ते प्रधान झाले होते. खंड्यानं विचारलं, "मग करायचं का डिजिटल?" मान हलली. "छत्रीला मोकळी जागा लागेल, ती वडासमोरची घ्यायची का?" मान हलली. "चौथरा बांधायला रानडुकरं मिळतील?" मान हलली.

"सरडोजी!" कुंदा धावत आली. "अहो, तिथे माझी अंडी आहेत!"

मान हलली.

"म्हणजे चौथरा होणार नाही ना?"

मान हलली.

"म्हणजे होणार?"

मान हलली. कुंदा रडकुंडीला आली.

"मला अकरा दिवस द्या हो. फक्त अकरा. मग पिल्लं चालायला लागतील, मी आपली जाईन कुठेतरी."

"अकरा दिवस कसे देणार, बाई?" सरडोजी म्हणाले. "परवा सकाळी रानडुकरं खणायला येणार आहेत. त्यांना सांगून झालंय. रानडुकराला एकदा खण म्हटलं की परत नको म्हणता येत नाही. त्यांना तेवढा एकच शब्द कळतो."

"पण राजाज्ञेची पाटी आहे!"

"ती अँटेना धरणारीला होती. आता अँटेना कुठे आहे?"

कुंदानं वर पाहिलं. खरंच नव्हती. काटे सोडून साळिंदराला परतही दिले होते, आणि ते कुठे लावायचे याचा तो विचार करत बसला होता.

आता मुलांनो, अंड्यांचं काय होतं म्हणून मधेच शेवटचं पान उघडून बघू नका. मी उघडलं असतं, पण तुम्ही माझ्यापेक्षा धीराचे आहात.

चौथरा होईपर्यंत छत्री ठेवायची कुठे? खंड्यानं फार विचार केला. छत्री अशा जागी हवी की ती केसभरही हलता कामा नये. दगड गडगडतो. झाड डुलतं. वारूळ ढासळतं. मग जंगलात सगळ्यांत न हलणारं कोण?

"कासवआप्पा!" सगळे एका सुरात म्हणाले.

कासवआप्पा वडाखालीच राहायचे. गेल्या पावसाळ्यात ते तळ्याकडे जायला निघाले होते, ते अजून वडाखालीच होते. त्यांच्या पाठीवर चिकणमातीनं छत्री बसवली.

"आप्पा, हलायचं नाही हं," खंड्या म्हणाला.

"हलू?" आप्पा म्हणाले. "मी? आमच्या सात पिढ्यांत कुणावर असा आळ आला नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा लागला. सगळं जंगल जमलं. आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच कुंदा टीव्हीच्या समोर बसली. तिला वर काही कामच उरलं नव्हतं. हुप्प्याही तिच्याशेजारी येऊन बसला. त्यालाही काम उरलं नव्हतं. त्यानं सवयीनं हळूच "हुप्प" म्हणून पाहिलं. कुंदा दचकली. चित्राला काही झालं नाही. दोघांनाही वाईट वाटलं.

चित्र मात्र काय आलं होतं! एक मुंगी नाही. खऱ्या मुंग्या लगेच तक्रार घेऊन आल्या. "बारा वर्षं रोज संध्याकाळी आमचा कार्यक्रम असायचा. तो का बंद केला?" त्यांना मागे बसवण्यात आलं.

मग महाराजांचा संदेश सुरू झाला. तो आधीच गुहेत चित्रित करून ठेवलेला होता. पडदाभर सिंहाचं तोंड. कुंदानं असं तोंड इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. तिनं घाबरून मान खाली घातली आणि जमिनीकडे बघत बसली.

"प्रजाजनहो," महाराज म्हणाले. "डिजिटल युगात तुमचं स्वागत. आता माझं एकच सांगणं आहे. उद्यापासून सर्वांनी..."

इथे एक टेंभुर्ण झाडावरून पडलं. पिकलेलं, पिवळंधमक. गडगडत आलं ते थेट कासवआप्पांच्या नाकापासून पाच बोटांवर थांबलं.

आप्पांनी इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. सगळे टीव्ही बघत होते. आप्पा चार बोटं पुढे सरकले, मान लांब केली आणि टेंभुर्ण खाल्लं.

हे सगळ्या जंगलात फक्त कुंदानं पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती ना!

तिकडे पडद्यावर महाराज थांबले. तोंड उघडं, डावा डोळा मिटलेला, उजवा पंजा वर. बस्स. तसेच राहिले.

जंगलानं वाट पाहिली. महाराज हलेनात.

"गेलं काय?" भेकरानं विचारलं.

"गेलं कसं? दिसतंय की!"

खरंच होतं. ॲनालॉगमध्ये गेलं म्हणजे मुंग्या यायच्या. इथे मुंगी नव्हती. चित्र लखलखीत होतं. अशा चित्राला गेलं कोण म्हणेल?

सरडोजी पुढे झाले. त्यांनी पडद्याकडे नीट पाहिलं.

"कळलं का, मूर्खांनो?" ते म्हणाले. "महाराज काय म्हणाले? उद्यापासून सर्वांनी. आणि मग काय केलं? करून दाखवलं! तोंड उघडं, डावा डोळा बंद, उजवा पाय वर. उद्यापासून सर्वांनी असं राहायचं."

"किती वेळ?"

"महाराज पंजा खाली घेईपर्यंत."

कुंदानं सांगायला चोच उघडली. "आप्पा सरकलेत" एवढेच दोन शब्द होते. तेवढ्यात तिच्या मनात आलं, उद्या सकाळी रानडुकरं खणायला येणार. आणि लगेच दुसरं मनात आलं. रानडुकरांनाही पाय असतात.

तिची चोच तशीच उघडी राहिली. सरडोजी म्हणाले, "शाब्बास, कुंदाबाई. उद्यापासून म्हटलं तरी आजच सुरू केलंत."

दुसऱ्या दिवशी सगळं जंगल तोंड उघडून, एक डोळा मिटून, एक पाय वर करून उभं होतं. रानडुकरं ठरल्याप्रमाणे पहाटे आली. कुंपणापाशी रांगेत उभी राहिली. त्यांना खणायचं होतं. पण एक पाय वर धरून रानडुकराला खणता येत नाही. एकानं करून पाहिलं. ते नाकावर पडलं.

कुंदा अंड्यांवर एक पाय बाहेर काढून, चोच उघडून बसली. तिनं आयुष्यात कधी काही लपवलं नव्हतं. लपवायला धीर लागतो, आणि तो तिच्याकडे नव्हता.

शेवटी तिला राहवेना. ती लंगडत आप्पांपाशी गेली.

"आप्पा," ती कुजबुजली. "तुम्ही काल सरकलात."

"मी?" आप्पा म्हणाले. "कासव आहे मी. तोंड सांभाळून बोल."

"चार बोटं सरकलात. मी पाहिलं."

"दोन."

"चार."

आप्पांनी मान जरा आत घेतली. "टेंभुर्ण फार पिकलं होतं गं," ते म्हणाले. "तू सांगणार आहेस का? माझं सगळं नाव न हलण्यावर आहे. माझ्याकडे दुसरं काही नाही."

"मी सांगणार आहे," कुंदा म्हणाली. "पण नऊ दिवसांनी."

"नऊ दिवसांनी का?"

कुंदानं अंड्यांकडे पाहिलं. आप्पांनीही पाहिलं.

"मग मीही नवव्या दिवशी मागे सरकतो," आप्पा म्हणाले. "मला कुठे घाई असते?"

त्या दिवशी दुपारी खंड्या पाहणीला आला. सगळ्यांना वाटलं, आता हा काहीतरी सांगेल. त्यानं एक फेरी मारली. डबा ठोकून पाहिला. पडद्याला चोच लावली.

"अप्रतिम," तो म्हणाला. "मिशीचा केसन् केस मोजून घ्या."

"साहेब, पण चित्र हलत नाहीये," हुप्प्या म्हणाला. तोंड उघडं ठेवून बोलायचं, त्यामुळे ते "आआ, अं इ अअ आईए" असं ऐकू आलं. पण खंड्याला कळलं. तंत्रज्ञांना अशा तक्रारींची सवय असते.

"पूर्वी तुमचं चित्र हलायचं. त्याबद्दलच तक्रार होती ना? आता स्थिर आहे. याला म्हणतात प्रगती." असं म्हणून त्यानं अहवाल लिहिला. अहवालात एकच ओळ होती. स्थिरता शंभर टक्के.

दिवस जाऊ लागले. सगळं जंगल लंगडी घालत तळ्यावर पाणी प्यायला जाऊ लागलं. कुणाला भूक लागली की त्यानं फळांच्या झाडाखाली जाऊन उभं राहायचं. तोंड उघडंच असायचं. पडेल ते पडेल. माश्यांची मात्र चंगळ झाली. हत्तीच्या तोंडात चिमण्यांनी घरटं बांधायला घेतलं. जिराफ आमच्याकडे नसतात, नाहीतर त्याचंही काही सांगता आलं असतं.

चौथ्या दिवशी खुद्द महाराज गुहेबाहेर आले. बघतात तर काय, सगळी प्रजा एका पायाचा हिशेब कमी करून, आ वासून उभी.

"हे काय चाललंय, सरडोजी?"

सरडोजींनी उघड्या तोंडानं पडद्याकडे बोट दाखवलं. महाराजांनी पडद्यावर स्वतःला पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मी असं करायला सांगितलं?"

मान हलली.

"का बरं सांगितलं असेल?" महाराज विचारात पडले. "म्हणजे सांगितलंय ते मीच. आणि मी कारणाशिवाय काही सांगत नाही. तेव्हा काहीतरी मोठं कारण असणार." असं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, डावा डोळा मिटला आणि पंजा वर केला.

कुंदाच्या अंगाला घाम फुटला. पक्ष्यांना घाम येत नाही. पण तिला आला. आता तर महाराजच तिच्यामुळे तीन पंजांवर तोल सांभाळत होते! तिला रोज वाटायचं, आता सांगावं. सकाळी वाटायचं, दुपारी वाटायचं. मग ती अंड्याला कान लावायची. आत काहीतरी टुकटुक करायचं. मग ती गप्प बसायची.

सातव्या दिवशी हुप्प्या लंगडत तिच्याजवळ आला. त्याचा वर धरलेला हात आता खांद्यापर्यंत उतरला होता.

"कुंदे," तो हळूच म्हणाला, "तुला काही ठाऊक आहे का?"

"मला? मला काय ठाऊक असणार? मला आपलं आलं आणि गेलं एवढंच कळतं."

"मग हे आलंय की गेलंय?"

कुंदा अंड्यांच्या आणखी जवळ सरकली. हुप्प्यानं तिच्याकडे पाहिलं. मग अंड्यांकडे पाहिलं. मग कुंपणापाशी रांगेत उभ्या असलेल्या डुकरांकडे पाहिलं.

"माझा हात अजून दोन दिवस राहील वर," तो म्हणाला आणि लंगडत परत गेला.

नववा दिवस उजाडला. आणि घात झाला.

महाराजांचा पंजा फार दुखायला लागला होता. पण पडद्यावरचे महाराज पंजा खाली घेईनात, तर खरे महाराज कसे घेणार? त्यांनी सरडोजींना विचारलं, "काही उपाय?" सरडोजींनी विचार केला. चौथरा झाला की छत्री त्यावर जाईल. छत्री उंच गेली की चित्र मोठं होईल. चित्र मोठं झालं की महाराजांनी पंजा किती वर धरलाय ते नीट दिसेल. कदाचित आपण सगळे उगाचच जास्त वर धरत असू.

"उत्तम," महाराज म्हणाले. "डुकरांना चारही पाय टेकायची सूट द्या. खणा म्हणावं."

खणा! नऊ दिवस ज्या शब्दाची वाट पाहिली तो शब्द. डुकरांनी एकदम पाय टेकले. पांढरे दगड उडाले. पाटी उडाली. पहिल्या डुकराचा सुळा खड्यांत घुसला, अंड्यांपासून हातभर लांब.

"थांबा!" कुंदा अंड्यांवर पंख पसरून उभी राहिली. "थांबा, मी सांगते! मला सगळं माहीत आहे! मी खरं सांगते! ते जे आप्पा आहेत ना, ते..."

टक्.

तिच्या पोटाखाली काहीतरी फुटलं. काहीतरी ओलं, गरम, तिच्या पायाला लागलं आणि म्हणालं, "टीव!"

मुलांनो, हुप्प्यानं बारा वर्षं तिला दचकवलं. पण अशी दचकलेली ती कुणी पाहिली नव्हती. कुंदा वडाच्या उंचीइतकी उडाली. "टिट्टिट्टीव! टिट्टिट्टीव! टिट्टिट्टीव!" असं ओरडली की तळ्यातलं पाणी शहारलं. हत्ती दचकला. महाराज दचकले. आणि त्या दिवशीच मागे सरकायचं म्हणून सकाळपासून निघायची तयारी करत असलेले कासवआप्पा इतके दचकले, की त्यांनी डोकं आणि चारही पाय एकदम आत ओढले. कवच धप्पकन जमिनीवर बसलं, आणि उतारावरून घसरून मागे गेलं.

बरोबर चार बोटं.

पडदा लखकन हलला. आणि तिथे मोर उभा होता. तो म्हणत होता, "...महाराजांचा संदेश प्रेक्षकांच्या आग्रहास्तव आज पुन्हा दाखवत आहोत." कुणीही आग्रह केला नव्हता. पण टीव्हीवर असं म्हणतात.

पुन्हा सिंहाचं तोंड आलं. सगळं जंगल श्वास रोखून बघू लागलं.

"आता माझं एकच सांगणं आहे," पडद्यावरचे महाराज म्हणाले. "उद्यापासून सर्वांनी..."

तोंड उघडलं. डावा डोळा मिटला. पंजा वर गेला.

"आऽऽऽक् छी!"

पंजानं त्यांनी नाक पुसलं.

"...उद्यापासून सर्वांनी निश्चिंत राहावं. कसलीही चिंता करू नये. आराम करावा."

खरे महाराज बघतच राहिले. मग म्हणाले, "हां! हेच म्हणणार होतो मी." आणि त्यांनी पंजा खाली घेतला.

सगळ्या जंगलानं तोंड मिटलं. जबडे मिटल्याचा असा आवाज झाला की कुंदा पुन्हा दचकली.

आणि रानडुकरं? सुळे खड्यांत तसेच होते. सगळ्यात पुढच्या डुकरानं पडद्याकडे पाहिलं. मग इतरांकडे पाहिलं. आज्ञा स्पष्ट होती. आराम करावा. त्यांना आयुष्यात दुसरा शब्द कळला. ती सगळी तिथेच आडवी झाली आणि घोरू लागली. चौथऱ्याचं कामही तिथेच आडवं झालं.

संध्याकाळपर्यंत चारही पिल्लं बाहेर आली. टिटवीची पिल्लं बाहेर आल्या आल्या चालतात. ही चालता चालता आप्पांच्या पाठीवर चढली, छत्रीत उताणी झाली आणि त्यांनी पाय वर केले. कुणी शिकवलं नव्हतं.

खंड्या पुन्हा पाहणीला आला. त्यानं सगळं पाहिलं, चोचीनं पंख खाजवला आणि नवा अहवाल लिहिला. "यंत्रणा पूर्णपणे स्वयंचलित आहे. चालवायला फक्त एक टिटवी, एक कासव आणि एक वानर लागतं."

हुप्प्याला पद परत मिळालं. पांढरे दगड पुन्हा गोलात लागले. पाटीही आली, नव्या अक्षरांत. आप्पांचं नाव आजही न हलण्यासाठीच घेतात.

महाराजांच्या आज्ञेप्रमाणे सगळं जंगल निश्चिंत झालं. एकटी कुंदा सोडून. ती आजही रोज दिवेलागणीला आप्पांशेजारी बसते आणि तिला वाटतं, आज कुणीतरी विचारणार. ते वाक्य अर्धं राहिलं होतं ना, "ते जे आप्पा आहेत ना, ते..." त्याच्या पुढे काय होतं, असं कुणीतरी नक्की विचारणार. तिनं उत्तरही पाठ करून ठेवलंय.

अजून कुणी विचारलेलं नाही. सगळे टीव्ही बघत असतात.

तात्पर्य : सत्याला मरण नाही. अंड्यांना असतं. म्हणून आधी अंडी उबवून घ्यावीत. सत्य नऊ दिवस सहज थांबतं.